चाळीस फुटांची थंडी

जितकं उंच जावं तितकी हवा थंड होत जाते, हे वाक्य मी वर्गात तीसेक वर्षं म्हणत आलो. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची, मी बरोबरची खूण करून पुढं जायचो. वाक्य खोटं म्हणता येणार नाही. पण ते अर्धं आहे, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर मी एकदा आमच्या वावराच्या बांधावर उभा राहून शहाणपण पाजळलं होतं. तेव्हापासून त्या वाक्यावर माझा राग आहे. खरं तर राग दुसऱ्याच माणसावर आहे, पण त्या माणसाच्या अंगात मी राहतो, म्हणून वाक्यावर काढतो.

हे निजामाच्या राज्यातलं. रझाकारांचा धुमाकूळ सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. आमचं गाव भोकरदनच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. माझा मोठा भाऊ, दादा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शेत दोन तुकड्यांत. वरचं वावर विहिरीला लागून, उतरणीचं, मुरमाड. खालचं ओढ्याकाठी, चहूबाजूंनी उंचवटा असलेलं, खोलगट. माती काळी आणि कसदार होती, ती खालच्यात. विहीर वर असल्यामुळं मोटेचं पाणी पाटानं दोन्हीकडं उतरायचं. दोन वावरांच्या उंचीत फरक फार तर चाळीस फुटांचा.

दादा चौथीतून सुटला आणि त्यानं औत धरलं, म्हणून मला शिकता आलं. मी जालन्याला हायस्कुलात होतो, जुन्या जालन्यात एका मारवाडी कापड दुकानदाराच्या माडीवर खोली घेऊन राहायचो. शाळा सगळी उर्दूतून. भूगोलाला जुगराफिया म्हणायचं, तापमानाला दर्जा-ए-हरारत. कळलं नाही तरी चालायचं, पाठ झालं पाहिजे. थर्मामीटर पुस्तकातल्या चित्रात होता. शाळेतही एक होता असं ऐकून होतो, पण तो हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असायचा. मोडू नये म्हणून तो आम्हाला कधी दाखवलाच नाही.

हवेचा धडा मला पक्का यायचा. सूर्याची किरणं हवेतून तशीच खाली येतात, हवेला फारशी तापवत नाहीत. तापते ती जमीन, आणि जमीन मग आपल्या अंगाला लागलेली हवा तापवते. म्हणून चुलीपासून जितकं लांब बसावं तितकी ऊब कमी, तसं जमिनीपासून जितकं वर जावं तितका गारवा. हजार फुटांना साडेतीन दर्जे, म्हणजे फॅरनहाइटचे अंश. डोंगराचं टोक सूर्याच्या जवळ असूनही तिथं बर्फ का, याचं उत्तर एवढंच. इथवर आल्यावर जुगराफियाचे मास्तर थांबले. धडा अजून चार ओळी शिल्लक होता. "ये आगे का छोड़ो," ते म्हणाले, "इम्तेहान में नै आता." आम्ही खुशीनं पुस्तकं मिटली.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा दादाच्या डोक्यात केळी शिरली होती. वहिनीचं माहेर घाटाखाली, खानदेशात. तिथल्या बागा बघून आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सासऱ्याकडून त्यानं गाडीभर मुनवे आणले होते, म्हणजे केळीच्या बुंध्याला फुटलेली पिलं. ते ओल्या गोणपाटाखाली अंगणात ठेवलेले. आमच्या शिवारात आजवर कुणी केळी लावली नव्हती. लावायची कुठं, वर की खाली, एवढाच प्रश्न राहिला होता. केळीला थंडी सोसत नाही, हे दादाला सासऱ्यानं बजावून सांगितलं होतं.

आमच्याकडं अकरा वर्षांपासून एकच सालदार होता. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. तेव्हा मी त्यांच्याशी एकेरीतच बोलायचो, सगळेच बोलायचे. आता लिहिताना तसं होत नाही. आमच्याकडं सालदारानं पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्याला फेडायचं, अशी रीत. वर्षाचं धान्य, एक घोंगडी, एक पायताण. मधेच मालकानं काढून टाकलं तर त्याला साल मोडलं म्हणायचे. साल मोडलेल्या माणसाला पंचक्रोशीत कुणी दारात उभं करत नसे. चोरी नाहीतर कामचुकारी केल्याशिवाय कुणी साल मोडत नाही, असं सगळे धरून चालायचे आणि खरं काय ते विचारायला कुणी जात नसे.

सगळे वावरात गेलो. मामा म्हणाले, "आबा, खाली नगा लावू. तिथं गारठा बसतो. मागल्या साली तिथल्याच तुरी जळाल्या, वरच्या बराबर राह्यल्या. मी वर माचीवर निजतो तं एक घोंगडी पुरती. सकाळच्या पारी खाली पाण्याची दारं धराया उतरलो की दातावर दात वाजतेत."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझं पुस्तक काय म्हणतं?"

मी वाटच बघत होतो. मी पुस्तकातलं वाक्य आधी उर्दूत म्हणून दाखवलं. आबांना उर्दू येत नव्हती, म्हणूनच ती त्यांना जास्त पटली. तहसिलीतून हुकूम येतो त्या भाषेत आपला पोरगा बोलतो, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग मराठीत समजावलं. उंचावर गार, खाली ऊब. वहिनीच्या माहेरी केळी होते आणि आपल्याकडं घाटावर होत नाही, ते का? ते खाली आहेत म्हणून. मग आपण आपलं वरचं वावर सोडून खालचंच धरलं पाहिजे.

"थंडी म्हणजे काय पाणी आहे का मामा, उतारानं खाली यायला?" मी म्हणालो. सगळे हसले. मामाही हसले.

"पाणीच म्हणा की," ते म्हणाले. "पाण्यावानीच उतरती. रातची, गुपचूप."

ते मी ऐकून सोडून दिलं. घाट हजार-दीड हजार फुटांचा आणि आमचा उतार चाळीस फुटांचा. हजाराला साडेतीन तर चाळिसाला किती, हा हिशोब मी मांडला असता तर एका दर्जाचा सातवा हिस्सा आला असता, म्हणजे काहीच नाही. गणितात मी वर्गात पहिला होतो. मांडला नाही.

केळी खाली लागली. चार मुनवे उरले ते मामांनी वर, विहिरीच्या पाटाशी लावून टाकले. टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणाले.

त्या वर्षी मोहरम ऐन हिवाळ्यात आला. सुट्टीला मी गावी आलो तेव्हा केळी छातीइतकी झाली होती. दादा येताजाता तिकडं जायचा. कामाला जातो असं सांगायचा आणि नुसता उभा राहून बघायचा. त्या माणसाला मी आयुष्यात इतका आनंदात फार वेळा पाहिला नाही.

एका दिवशी संध्याकाळी मामा घरी आले. "वारा पडला," ते म्हणाले. "आभाळ बी कोरडं ठक. आज काय खरं न्हाई. धूर कराया लागंल." दादाला ताप होता, तरी तो उठून गेला, तुरीचं भूस आणि ओलं पाचट वाहून त्यानं मामांना रास लावून दिली. मग मामांनीच त्याला घरी पाठवलं. "तुमी निजा, मी हाय," म्हणाले.

तांबडं फुटताना मी घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर गेलो, ऊन कधी येतंय ते बघायला. आमच्या धाब्यावरून शेत दिसायचं. खालच्या वावरावर धूर पसरला होता. दोन पुरुष उंचीपर्यंत तो चढला होता आणि तिथं कुणी झाकण ठेवावं तसा अडून सपाट झाला होता, या उंचवट्यापासून त्या उंचवट्यापर्यंत. त्याच्या वर विहीर, पाट, ती चार झाडं सगळं स्वच्छ दिसत होतं. गावातल्या चुलींचा धूरही तसाच थोडा वर जाऊन आडवा होत होता. मी बराच वेळ बघत राहिलो. मला ते छान वाटलं, एवढंच.

हे नीट सांगतो आहे, कारण पुढं मी याच्या उलट सांगितलं.

आबांच्या मागोमाग मी वावरात गेलो. गवतावर पांढरं पडलं होतं. केळीची पानं काचेसारखी ताठ आणि ओली दिसत होती. ऊन आलं तशी ती काळी पडायला लागली, उकळतं पाणी ओतल्यासारखी. दादा तापातच धावत आला होता. त्यानं एका झाडाचा पोगा, मधला कोवळा सुरळीचा कोंब, दोन बोटांत धरला. तो त्याच्या हातात मऊ झाला. वरची चार झाडं हिरवीगार उभी होती, तिथून सरळ दिसत होती.

आबा ओळीओळीनं फिरले, मग माझ्यासमोर येऊन थांबले. "काय रं, खाली ऊब असती ना?"

मी पायानं गवतावरचं पांढरं खरवडत राहिलो.

"यासाठी ह्याला औताला जुंपून राह्यलो का मी इतकी सालं?" त्यांनी दादाकडं हात केला. "पुरे झाली शाळा. पुस्तकं बांधून ठेव. उद्यापासून औत धर."

 आबा एकदा बोलले की माघारी घ्यायचे नाहीत. दोन वर्षांनी मॅट्रिक होती. मला पुढं काय दिसलं ते सांगतो: मोट, दारं, आणि दादाचे हात. मी म्हणालो, "धूर केला असता तर वाचली असती. मी तांबडं फुटताना धाब्यावरून पाहिलं आबा, धूरच नव्हता. ही आग आत्ता पेटवलीय, आपण येताना पाहून. मामा झोपले असतील."

मामा तिथंच उभे होते. डोळे लालबुंद, धुरानं चुरचुरणारे. आबांना ते झोपेतून उठल्याचे वाटले. "केल्ता की," मामा म्हणाले. "दिवस मावळल्यापासून केल्ता, आबा. पापणी न्हाई लावली." आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती. चढवला असता तर कदाचित उपयोग झाला असता.

आबा दादाकडं वळले. "तू काय म्हणतो?"

दादानं राखेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, वरच्या चार झाडांकडं पाहिलं. "मला ताप होता," तो म्हणाला. "मला काय ठावं."

त्याच दुपारी साल मोडलं. पाडव्याला तीन महिने बाकी होते. मामांनी घोंगडी झटकली, चौघडी घातली आणि आमच्या ओट्यावर ठेवली, कारण साल पुरं झालं तरच ती सालदाराची होते. त्या थंडीत ते अंगातल्या नुसत्या बंडीनिशी बायकोला घेऊन गेले. घोंगडी ओट्यावरच पडून राहिली; शेवटी वहिनीनं ती उचलून आत नेली.

माझी शाळा वाचली. खापर फोडायला डोकं मिळाल्यावर आबांचा माझ्यावरचा राग उतरला. सुट्टी संपली तसा मी जालन्याला आलो, आणि आल्या आल्या जुगराफियाचं पुस्तक काढून त्या सोडलेल्या चार ओळी वाचल्या. का वाचल्या सांगता येत नाही. त्यात लिहिलं होतं की हिवाळ्यात, वारा नसताना आणि आभाळ साफ असताना, रात्री जमीन हवेच्या आधी गार होते. तिच्याजवळची हवा गार आणि जड होऊन उतारावरून खोलगट जागी उतरते. अशा वेळी खाली थंडी आणि वर ऊब, असं उलटं होतं, आणि धूर वर चढत नाही, वरच्या उबेला अडून आडवा पसरतो. म्हणजे मामा जे बांधावर म्हणाले तेच. धाब्यावरून मी जे छान म्हणून बघत होतो तेही त्यात होतं.

मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या विषयाला लागलो. परीक्षा जवळ आली होती.

त्या उन्हाळ्यात दादा मोट हाकताना मला म्हणाला, "मला ठावं होतं."

"काय?"

"राख गुडघाभर होती. घंटाभरात जळतं का तेवढं भूस? मी सोता वाहून ठेवल्तं." बैल मागं सरत होते, तो त्यांच्याकडं बघत बोलत होता. "बोललो असतो तं आबानं तुला औताला धरलंच असतं. माझं गेलं ते गेलं. तुझंबी जाऊ द्यायचं का?"

मला त्याचे उपकार वाटायला हवे होते. मला त्याचा संताप आला. तोवर मी धरून होतो की खरं एकट्या मलाच माहीत आहे, आणि एकट्याला माहीत असलेलं खरं कसंही दाबून ठेवता येतं. आता आम्ही दोघं झालो. दोघांनी मूग गिळून बसणं हे एकट्यानं बसण्यापेक्षा फार घाणेरडं असतं. ती चार झाडं तोवर निसवली होती. त्यांचे घड घरात कुणी आवडीनं खाल्ले नाहीत, आबांनी मात्र खाल्ले.

दिवाळीनंतर जालन्यात कापसाचा हंगाम सुरू झाला. एका जिनिंगच्या फाटकापाशी मला मामा भेटले. पाठीवर कापसाचं भलंमोठं गाठोडं, भुवयांत, मिशांत सरकी-कापसाची लव. मी रस्ता बदलायच्या बेतात होतो, पण त्यांनी आधी पाहिलं.

"का मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर व्हायच्या आधीपासून ते मला मास्तर म्हणायचे. "पास झालात का?"

मी हो म्हणालो. मग मला राहवलं नाही. मी सांगितलं की तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, पुस्तकातच होतं ते.

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "बुकातच व्हतं?"

"हो. त्याच धड्यात. पुढं."

"मंग पुढं का न्हाई वाचलं?"

"ते परीक्षेत येत नव्हतं."

त्यांनी मिशांतली लव पुसली. "मला वाटलं बुकवाल्यायला ठावंच नसंल," ते म्हणाले. "ठावंच नसलं तं माणूस काय करंल, म्हणलं. इसरून गेल्तो मी." आतून मुकादमानं हाक मारली. त्यांनी गाठोडं उचललं, पुन्हा टेकवलं. "आबायला येवढं सांगा. धूर केल्ता म्हणावं. परत ठिवून घ्या आसं म्हनत न्हाई मी. अकरा सालं त्यायच्या वावरात ऱ्हायलो, एक डाव झोपलो न्हाई. तेवढं त्यायला कळू द्या."

"सांगतो," मी म्हणालो.

"बिलकुल सांगा," म्हणाले आणि आत गेले.

मी सांगणारच होतो. आधी मॅट्रिक होऊ दे म्हटलं. आत्ता सांगितलं तर आबा पुन्हा शाळेचं काढतील. मॅट्रिक झाली. मग रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, गावातल्या निम्म्या लोकांनी निजामाच्या सरहद्दीपलीकडं बिऱ्हाडं हलवली, आम्हीही घाटाखाली वहिनीच्या माहेरी जाऊन राहिलो. अशा दिवसांत जुनी केळी कोण उकरून काढणार? मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, आम्ही परत आलो, आणि मला शाळेवर नोकरी लागली. जिनिंगवर एकदा चौकशी केली. त्या नावाचा माणूस दोन हंगामांपूर्वीच निघून गेला, म्हणाले, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं हायसं.

पुढं मराठीतून भूगोल शिकवताना मी तो भाग दर वर्षी नेमानं शिकवला, परीक्षेत येत नसतानाही. धूर कसा आडवा होतो त्याचं चित्र फळ्यावर काढायचो. मुलं कुरकुरायची, मास्तर खडूस आहे म्हणायची. एका इन्स्पेक्टरनं माझी पाठ थोपटली होती, की तुम्ही पुस्तकाबाहेरचं शिकवता. याला कुणी प्रायश्चित्त म्हणेल म्हणून आधीच सांगतो, ते तसलं काही नव्हतं. खडू सरकारचा होता आणि वेळ पगाराची.

राज्य गेलं त्याच हिवाळ्यात आबा आजारी पडले. शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून घरी होतो. शुद्ध चांगली होती, बोलणं हळू झालं होतं. एका सकाळी दाराबाहेर बघत ते म्हणाले, "थंडी पडून राह्यली आज."

मी म्हणालो, "हो."

"आपली केळी गेली ती आशीच." थोड्या वेळानं म्हणाले, "माणूस चांगला होता. त्या एका दिवशी त्यानं झोप काढली नसती, तं आज बाग असती दादाची."

दादा त्यांच्या पायाशी बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तसाच बघत राहिला, मी बोलेपर्यंत.

"हो, आबा," मी म्हणालो.